मौन म्हणजे होकार नव्हे



दिवाळीच्या सुमारास कापूस घरात येऊ लागला की प्रत्येक शेतकरी गटापुढे एकच प्रश्न असतो : विकायचा की थांबायचे? बैठक बसते. ज्याचा आवाज मोठा तो बोलतो, दोघे-तिघे माना डोलावतात आणि 'ठराव एकमताने मंजूर' अशी नोंद होते. पुढे भाव उतरला की हीच माणसे गुपचूप खेडा खरेदीवाल्याला कापूस मोजून देतात. एकमत वहीत होते, मनात नव्हते.

गटात नाना स्वभाव असायचेच. कोणी धडाडीचा, त्याला आजच सौदा हवा. कोणी हिशेबी, तो भाडे, व्याज, घट मांडत बसतो. कोणी शंकेखोर, तर कोणी गप्प. कपाशीत तुरीचे तास आपण का घालतो? एकाने दगा दिला तर दुसऱ्याने हात द्यावा म्हणून. माणसांचेही तसेच आहे.

सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण धरतात. १२ टक्क्यांवर गेला तर कापूस नाकारतात. कोणत्या वेचणीचा कापूस ओला, हे वेचणाऱ्या बाईला पक्के ठाऊक असते. बैठकीला मात्र तिला बोलावणे नसते!

२००२ च्या कायद्याने उत्पादक कंपनीत शेतकरी सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच ठेवले. कायद्याने मत दिले. बोलायला जागा आपणच द्यायची आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीची रीत धरली. अभ्यासगटात मनसोक्त चर्चा करायची, निर्णय ग्रामसभेत सर्वांनी मिळून घ्यायचा. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एवढा कारभार हात वर मोजून चालत नाही.

आमचे सांगणे थोडके आहे. बैठकीत प्रत्येकाला पाळीपाळीने बोलू द्या. पुढाऱ्याने शेवटी बोलावे. विरोध करणाऱ्याचे कारण वहीत लिहा. मोठा सौदा असेल तर मध्ये एक रात्र जाऊ द्या. घरातल्या बायांना विचारा. आणि एकदा ठरले की तो निर्णय सर्वांचा. भाव पडला तरी 'मी तेव्हाच म्हणालो होतो' हे बोलणे बंद.

व्यापारी आपल्या एकीला भितो, वहीतल्या ठरावाला नाही. येत्या बैठकीत पहिला प्रश्न कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसाला विचारा.