आधी स्नेह, मग शाळा

पनवेलजवळच्या शिरढोण गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मलेले वासुदेव बळवंत फडके महाराष्ट्राला सशस्त्र क्रांतीचे अग्रदूत म्हणून ठाऊक आहेत. त्यांच्या चरित्राचा दुसरा पैलू मात्र पाठ्यपुस्तकाच्या एखाद्या ओळीत आटोपतो. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह पुण्यात ‘पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’ उभी करण्यात त्यांचा वाटा होता. हीच संस्था पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून नावारूपास आली. आणि १८७९ साली जेव्हा त्यांनी बंडाचे निशाण उभारले, तेव्हा पुण्यातील शिकलेल्या मंडळींच्या आधी रामोशी, कोळी, धनगर समाजांतील माणसे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. ज्यांच्या डोंगरवाटा सरकारलाही अपरिचित होत्या, त्यांच्या घोंगडीवर बसून भाकरी खाल्ल्याखेरीज हे घडले नसते. शाळा आणि स्नेह या दोन्ही गोष्टी शिरढोणच्या या सुपुत्राने एकाच आयुष्यात साधल्या. पनवेलकरांना हा वारसा आहे. प्रश्न आहे तो, आपण तो चालवतो का, हा.

ओजा शंकर

या वारशाचा अत्यंत तेजस्वी आविष्कार महाराष्ट्रापासून हजारो किलोमीटर दूर, म्यानमारच्या सीमेवर घडला. १९७१ साली संघाचे कार्यकर्ते शंकर दिनकर उपाख्य भय्याजी काणे मणिपुरात पोहोचले. तेव्हा मणिपूर केंद्रशासित होते; राज्याचा दर्जा त्याला २१ जानेवारी १९७२ रोजी मिळाला. सीमेपलीकडून चिथावणी, डोंगरात बंडखोरी आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाबद्दल संशय, असे ते दिवस होते. अशा काळात भय्याजी शिक्षक म्हणून उखरूलच्या डोंगराळ भागात राहिले. सोबत जयवंत कोंडविलकर हा शाळकरी मुलगा होता. दुसऱ्याच्या मुलांची जबाबदारी मागायला निघालेल्या माणसाने महाराष्ट्रातील एका घरचे मूल आधी तेथे नेले, यातच पुष्कळ काही आले.

उखरूल हा तांखुल नागांचा प्रदेश. हा समाज बहुसंख्येने ख्रिस्ती. १८९६ साली विल्यम पेटिग्रू हे मिशनरी तेथे गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा सुरू केली. तांखुल बोलीला त्यांनी लिपी दिली, बायबलचा नवा करारही त्या भाषेत आणला. त्यांच्या हेतूविषयी मतभेद जरूर असावेत. परंतु आपण तेथे पाऊण शतक उशिरा पोहोचलो, हे नाकारण्यात काय अर्थ आहे? दुसऱ्याने पेटवलेल्या दिव्याला नावे ठेवण्याचा अधिकार, आपण वात वळायला बसलो असू तरच पोहोचतो. भय्याजींनी तक्रारीत वेळ दवडला नाही. ते वात वळायला बसले.

त्यांचा मार्ग दोन टप्प्यांचा होता. पहिल्या टप्प्यात सीमेवरील गावांतील मुले शिक्षणासाठी महाराष्ट्रात आली. ती येथील वसतिगृहांत राहिली, मराठी कुटुंबांत वावरली. कुणाच्या घरी दिवाळीचा फराळ, कुणाच्या घरी आजारपणातली शुश्रूषा. ज्या मुलाने एका मराठी माउलीच्या हातची आमटी खाल्ली, त्याला ‘भारत’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. या कार्यातूनच पूर्व सीमा विकास प्रतिष्ठान आकारास आले. दुसऱ्या टप्प्यात शाळाच डोंगरावर गेल्या. १९९९ साली भय्याजी गेल्यानंतर कोंडविलकरांनी हे कार्य पुढे नेले आणि न्यू तुसोम, खारासोम यांसारख्या सीमेलगतच्या गावांत शाळा उभ्या राहिल्या. खारासोमच्या शाळेस ‘ओजा शंकर’ हे नाव मिळाले. मणिपुरी भाषेत ‘ओजा’ म्हणजे गुरुजी. मराठी मुलखातून आलेल्या एका मास्तराला नागा गावाने दिलेली ही पदवी कोणत्याही सरकारी सन्मानाहून मोठी आहे.

जमीन कुणाची?

डोंगरात शाळा बांधणे म्हणजे विटा-सिमेंटचा हिशेब नव्हे, हे शहरी दात्याच्या चटकन ध्यानात येत नाही. नागा गावात जमीन गावाची आणि कुळांची असते. गावप्रमुख आणि गावसभा यांच्या संमतीवाचून तेथे कुंपणाची काठीसुद्धा रोवता येत नाही. मणिपूरच्या डोंगरी भागासाठी राज्यघटनेत कलम ३७१ क आहे, ते उगीच नाही. निधी दिल्लीहून येईल, आराखडा मुंबईहून येईल. जागा मात्र विश्वासानेच मिळते. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ता बंद झाला की पत्रे, खिळे, वह्या पाठीवर वाहून न्यायचे ते गावकऱ्यांनीच. ज्या शाळेसाठी गाव घाम गाळते, ती शाळा गाव राखते.

अमरावती जिल्ह्यातील टिमटाळ्याचे सुपुत्र एकनाथजी रानडे यांच्या विवेकानंद केंद्रानेही १९७७ पासून अरुणाचलात विद्यालयांची साखळी उभारताना स्थानिक जनजातींच्या विश्वासावरच भर दिला.

या मार्गावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. कोवळ्या वयाचे मूल घरापासून इतक्या दूर आणले, तर ते आपली बोली, आपली गाणी, आपले शेत विसरणार नाही का? ही भीती खोटी नाही. शिक्षण घेऊन मूल परके झाले, तर गावाने ते गमावले असेच म्हणावे लागेल. म्हणूनच भय्याजींच्या कार्यातील दुसरा टप्पा पहिल्याहून महत्त्वाचा ठरतो. वसतिगृह हा पूल आहे, मुक्काम नव्हे. शाळा गावात गेली, की मूल आईजवळ राहून शिकते.

इर्शाळवाडीची हाक

उखरूल दूर आहे, असे कुणी म्हणेल. मग इर्शाळवाडी तर जवळ होती! पनवेलच्या शेजारच्या खालापूर तालुक्यातील ही ठाकरांची वाडी. लोकसंख्या २२८. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जणांना अखेर बेपत्ता घोषित करावे लागले. वाडीला मोटार जाईल असा रस्ता नव्हता. मदतीला धावलेले जवान अंधारात, पावसात पायी डोंगर चढले. त्या रात्री वाडीच्या कडेला असलेल्या शाळेत काही तरुण होते. ते वाचले आणि त्यांनीच पहिली हाक दिली. डोंगरावरची शाळा काय असते, याचे याहून हृदयद्रावक उत्तर कोणते?

त्याच वर्षी सप्टेंबरात वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा प्रस्ताव पुढे आला. अशा शाळांची संख्या १४ हजारांहून अधिक होती. कागदावर हे गणित सुटते. परंतु ठाकर किंवा कातकरी वाडीतील सहा वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून दुसऱ्या गावी जायचे असेल, तर जुलै महिन्यात ती घरीच बसते आणि पुढच्या जुलैत तिचे नावच पटावर नसते. पट कमी म्हणून शाळा बंद करायची, की पट वाढावा म्हणून वाडीत जाऊन बसायचे, हा निर्णय शासनाइतकाच समाजाचाही आहे.

पनवेल आज झपाट्याने वाढते आहे. २०१६ साली महानगरपालिका झाली, २०२५ साली विमानतळाचे उद्घाटन झाले. या नगरीत ईशान्येकडील तरुण-तरुणी रुग्णालयांत, उपाहारगृहांत, दुकानांत काम करतात. २०१२ च्या ऑगस्टमध्ये केवळ अफवांमुळे बंगळुरू आणि पुण्याहून हजारो ईशान्यवासी गाड्या भरभरून परतले होते. त्यांना थांबवील असा एकही शेजारी त्यांच्या ओळखीचा नव्हता, ही त्या घटनेतील खरी बोच आहे. ३ मे २०२३ पासून मणिपूर होरपळले. घरे जळाली, हजारो मुलांच्या शाळा सुटल्या. अशा वेळी एकात्मतेचे भाषण करणे सोपे. शेजारच्या मणिपुरी मुलीला गणपतीला घरी बोलावणे त्याहून सोपे, तरीही आपल्याकडून ते राहून जाते.

वर्षातून एकदा दप्तरे वाटून छायाचित्र काढणे म्हणजे मैत्री नव्हे. महिन्यातून एक रविवार एकाच वाडीला, सलग पाच वर्षे. ईशान्येच्या एका विद्यार्थ्याचे पालकत्व, त्याच्या घरच्यांशी पत्रव्यवहारासह. आणि सुटीत आपल्या मुलाला त्याच्या गावी पाठवण्याची तयारी. एवढे एका मध्यमवर्गीय कुटुंबाला अशक्य नाही. भय्याजी गेले तेव्हा त्यांच्यापाशीही याहून मोठी साधनसामग्री नव्हती. त्यांच्यापाशी खडू होता, चिकाटी होती आणि परक्याच्या चुलीपाशी बसण्याची तयारी होती. शाळा त्यानंतर उभ्या राहिल्या.