इंग्रजी व्याकरणाची घोकंपट्टी

महाराष्ट्रांत इ. स. २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविलें जातें. शिकण्याचीं वर्षें वाढलीं. परंतु व्याख्या घोकून घेण्याची खोड अनेक शाळांतून अद्यापि गेलेली नाहीं. 'प्रीफिक्स' व 'सफिक्स' यांच्या व्याख्या मुलगा धडाधड म्हणून दाखवितो, आणि 'अनहॅपीनेस' हा शब्द समोर येतांच गांगरतो! वस्तुतः 'असमाधानीपणा' हा त्याच्या घरचाच शब्द आहे. त्यांत 'अ' हा उपसर्ग व 'पणा' हा प्रत्यय; तिकडे तेंच काम 'अन' व 'नेस' करितात. 'सिमिली' ती आपली उपमा, 'मेटॅफर' तें आपलें रूपक. इतकें मायबोलींत सांगितलें कीं गांठ सुटते. दादोबा पांडुरंगांनीं इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीचें व्याकरण रचून तें इ. स. १८३६ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांनीं बांधलेल्या त्या पुलावरून आपल्या मुलांनीं उलट दिशेनें कां जाऊं नये? ज्याच्या घरीं इंग्रजीचा गंधही नाहीं, त्या मुलास 'मठ्ठ' म्हणून मागच्या बांकावर बसविणें हा उघड अन्याय होय. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे, आपल्या पद्धतीचा आहे. शिक्षकांस आमचें आग्रहाचें सांगणें एवढेंच कीं, आधीं अर्थ कळूं द्या. व्याख्या मागाहून येईल.