वायरलेस घ्या, पण वायरवाला!

हल्ली पुण्या-बंगलोरच्या आयटीवाल्यांमध्ये 'स्मोकिंग'चं वेड शिरलंय. सिगरेटचं नव्हे, मांस धुरावर मंद शिजवण्याचं. स्मोकर येतो, मसाला चोळून होतो आणि मग प्रश्न पडतो: वायरलेस मीट थर्मामीटर कुठला घ्यायचा? बहुतेकांची नजर आधी अ‍ॅपवर जाते. माझं मत उलटं आहे. अ‍ॅप सगळ्यात शेवटी बघा.

मुळात थर्मामीटर लागतोच कशाला? सावजी मटणाला कुणी लावतं का? नाही लावत, कारण रस्सा उकळला की 100 अंश सेल्सिअसच्या आसपास अडकतो, वर जात नाही. त्यात तुकडा पुरेसा वेळ राहिला की शिजतोच. स्मोकरमध्ये ही सोय नाही. तिथे 110-120 अंशांची कोरडी हवा असते, आणि पाच-सहा तास अख्खी रान आत. बाहेरून खमंग, आतलं देव जाणे. रंगावर तर अजिबात जाऊ नका. धुरातल्या वायूंमुळे नीट शिजलेलं चिकनही गुलाबी दिसू शकतं. चिकन आतून 74 अंशांना पोचलंच पाहिजे. पंगतीला आजी-आजोबा आणि लहान मुलं असतील तर इथे अंदाजपंचे चालत नाही. मटणाची रान हाडावरून सुटायला मात्र 90-95 लागतात.

मधेच 65-75च्या दरम्यान आकडा तासभर किंवा जास्तच हलत नाही. थर्मामीटर बिघडलेला नसतो. मांसातला ओलावा उडताना उष्णता घेऊन जातो. उन्हाळ्यात आपला माठ याच कारणाने गार राहतो. धीर धरा.

आता निवड. माझं गाव खापरखेडा. तिथलं औष्णिक वीज केंद्र 1340 मेगावॅटचं, वाफ 540 अंशांच्या घरात. तिथे तापमान बघायला कुणी बॉयलरमध्ये डोकावत नाही. थर्मोकपल गरम जागी, वायर बाहेर आणि आकडा गार कंट्रोल रूममध्ये. आपल्यालाही हेच हवंय.

1. सुई वायरची, निरोप बिनतारी. पूर्ण वायरलेस सुईत बॅटरी आणि रेडिओ दोन्ही सुईतच असतात. ती दिसते झकास, पण बंद लोखंडी ड्रममधून ब्लूटूथ धड बाहेर येत नाही. उलट वायर झाकणाच्या फटीतून बाहेर काढली की ट्रान्समीटरचा डबा मोकळ्या हवेत राहतो. (मे महिन्यात आमच्याकडे 45 अंश असतात, डबा सावलीत ठेवा.)

2. सुया दोन. एक मांसाच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकता. दुसरी जाळीजवळ, हवेचं तापमान बघायला. झाकणावरची तबकडी झाकणाजवळचं तापमान दाखवते, मांसाजवळचं नाही.

3. फ्रिक्वेन्सी बघा. अमेरिकेतल्या दादा-वहिनींकडून मागवताय? तिकडची काही मॉडेल्स 915 मेगाहर्ट्झवर चालतात. आपल्याकडे विनापरवाना वापराचा पट्टा 865 ते 868चा आहे, 915 त्यात बसत नाही.

4. वायफाय-क्लाउडवाला नको. उद्या कंपनीने सर्व्हर बंद केला की तुमच्या हातात फक्त महागडी सुई. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. स्वतःचा स्क्रीन आणि मोठ्ठा अलार्म असला की बास.

आणि विकत घेतल्या दिवशीच परीक्षा घ्या. बारीक फोडलेला बर्फ आणि थोडं पाणी ढवळा: 0 दिसलं पाहिजे. मग उकळतं पाणी: नागपूर साधारण 300 मीटर उंचीवर आहे, म्हणून 99 दिसलं पाहिजे, 100 नाही. एखाद्या अंशाचा फरक कागदावर लिहून ठेवा. चार-पाच अंशांचा असेल तर वस्तू सरळ परत करा, कारण 74 दाखवणारं चिकन प्रत्यक्षात 69वर असेल.

अ‍ॅपवर वाचलेल्या पैशांचं काय करायचं? सावनेर-काटोलकडच्या बागांमधलं वाळलेलं संत्र्याचं लाकूड मिळालं तर घ्या, धूर सुरेख येतो. कोळशाच्या गावचा म्हणून एवढंच बजावतो: दगडी कोळसा मात्र मांसाखाली चुकूनही नको. त्यातलं गंधक थर्मामीटरवर दिसत नाही!