मजुरी नव्हे, एका ओळीचे बिल खटकते



चेन्नईत पाण्यात बुडालेल्या गाडीचे इंजिन बदलताना ‘मजुरीच्या नावाखाली लूट’ होते, असे मागील अंकातील पत्रलेखकांनी म्हटले आहे. त्यांचा संताप समजतो, निष्कर्ष पटत नाही.

डिसेंबर 2015 चा पूर आणि डिसेंबर 2023 चे मिचाँग वादळ, दोन्ही वेळी वेळचेरीसारख्या भागांत गाड्या पाण्याखाली गेल्या. इंजिन बदलायचे तर ऑइल, कूलंट, एसीचा गॅस काढायचा. वायरिंगचे जोड, ड्राइव्ह शाफ्ट, गिअरबॉक्स सोडवायचे. चेनपुलीला टांगून धूड उतरवायचे. मग सगळे उलट क्रमाने जोडायचे आणि शेवटी स्कॅनर लावायचा. पुदुपेटच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातले इंजिन बसवल्यावर धूर सोडू लागले, तर मेकॅनिकला हेच काम पुन्हा, बहुधा फुकट, करावे लागते. त्याच्या घामाला लूट म्हणणे अन्यायाचे आहे.

खरे दुखणे आहे ते एका ओळीच्या बिलाचे. सुटे भाग, मजुरीचे तास आणि 18 टक्के जीएसटी वेगवेगळे, तेही काम सुरू होण्याआधी, लेखी मागा. इंजिनाचा क्रमांक बदलला की आरटीओकडे आरसीत नोंदही करून घ्या.

आणि वाचकांना कळकळीची विनंती: गाडीत पाणी शिरले असेल तर चावी फिरवूच नका. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान सहसा नाकारले जाते. इंजिन संरक्षणाची जोड पावसाळ्याआधीच घ्या.

— एक वाचक, चेन्नई