१८० दिवसांचा हिशेब

समाजातील काही प्रश्न व्यासपीठावर कधीच येत नाहीत. त्यांवर परिसंवाद होत नाहीत, मोर्चे निघत नाहीत, जाहीरनाम्यात त्यांना ओळभरही जागा मिळत नाही. तरीही ते घराघरात, बहुधा रात्रीच्या जेवणानंतर, हलक्या आवाजात चर्चिले जातात. शिक्षिकेने प्रसूती रजा किती दिवसांची घ्यावी, हा असाच एक प्रश्न आहे. सासूबाईंचे मत वेगळे, माहेरचे वेगळे, मुख्याध्यापकांचे त्याहून वेगळे. आणि जिने निर्णय घ्यायचा ती मात्र सगळ्यांच्या सोयीची बेरीज-वजाबाकी करत बसलेली असते. स्वतःच्या प्रकृतीचा आणि बाळाच्या गरजेचा आकडा या हिशेबात शेवटी येतो. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

हा प्रश्न नांदेड-लातूर भागात उभा राहिला, ही एका अर्थाने समाधानाची गोष्ट म्हटली पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झालेल्या मराठवाड्यात मुलींच्या शिक्षणाची स्थिती काय होती, हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. ज्या घरातील आजीने शाळेची पायरी चढली नाही, त्या घरातील नात आज किनवटच्या पाड्यावर किंवा देवणीच्या सीमेवरील गावात फळ्यासमोर उभी राहते. तीन पिढ्यांत घडलेले हे परिवर्तन आहे. ते टिकवायचे, तर शिक्षिकेच्या मातृत्वाकडे तिची खाजगी अडचण म्हणून पाहण्याची वृत्ती सोडावी लागेल.

कायदा काय देतो?

आपल्याकडील प्रसूती रजेच्या कायद्याची मुळे महाराष्ट्रातच आहेत. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात असे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. पुढे मुंबई इलाख्यात हा विषय आला, तेव्हा १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्याला ठाम पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून तिचा भार शासनानेही उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा झाला. तो गिरण्या-कारखान्यांतील स्त्रियांपुरता होता. पण मातृत्व ही राष्ट्राची चिंता आहे, हे तत्त्व त्यातून रुजले.

स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये संपूर्ण देशासाठी कायदा आला. त्यातील १२ आठवड्यांची रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कायम आहे. महाराष्ट्र शासनाने आपल्या सेवेतील स्त्रियांसाठी २००९ मध्येच १८० दिवसांची रजा मान्य केली. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतील शिक्षिकांना ती मिळते. ती पूर्ण वेतनी असून रजेच्या खात्यातून वजा होत नाही. २०१८ पासून अपत्य १८ वर्षांचे होईपर्यंत तुकड्यातुकड्यांनी घ्यावयाची आणखी १८० दिवसांची बालसंगोपन रजाही उपलब्ध आहे. अमेरिकेसारख्या संपन्न देशात १९९३ च्या कायद्याने मातेला १२ आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी. स्वीडनमध्ये मातापित्यांना मिळून ४८० दिवस मिळतात. आपण या दोहोंच्या मध्ये आहोत, आणि किमान सरकारी कागदावर तरी आपली स्थिती लाजिरवाणी नाही.

दिवसांची वजाबाकी

मग अडचण कोठे आहे? ती १८० या आकड्याच्या पोटात आहे. पहिले सहा महिने बाळाला केवळ मातेचेच दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सहा महिने म्हणजे साधारण १८० दिवस. रजा प्रसूतीच्या दिवसापासून सुरू झाली, तरच हे गणित जुळते. प्रसूतीपूर्वी ४५ दिवस रजा घेतली, तर बाळाच्या वाट्याला १३५ दिवस, म्हणजे साडेचार महिने उरतात. म्हणूनच आमच्या भागातील कितीतरी शिक्षिका नवव्या महिन्यापर्यंत शाळेत जात राहतात. लातूर शहरात राहून शहरातच शिकविणाऱ्या बाईंना हे कदाचित झेपेल. नांदेडहून भोकर, हिमायतनगरच्या बाजूला रोज ये-जा करणारीने काय करावे? एस.टी.चे धक्के, खड्ड्यांचे रस्ते, पुढे गावापर्यंत मिळेल ते वाहन आणि शाळेत धड स्वच्छतागृह असेलच याची खात्री नाही. अशा स्थितीत बाळाचे महिने वाचविण्यासाठी आईने स्वतःला पणाला लावणे, हा शहाणपणाचा सौदा नव्हे.

रजेत सुट्याही मोजल्या जातात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रसूती झाली, तर १८० दिवस मेच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात आणि पुढे उन्हाळी सुटी लागून आल्यामुळे जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे सात महिने, बाळ आईजवळ राहते. तीच प्रसूती एप्रिलच्या मध्यावर झाली, तर उन्हाळी सुटी रजेतच विरघळते आणि ऑक्टोबरमध्ये आईला शाळा गाठावी लागते. निसर्ग शाळेचे वेळापत्रक पाहून मूल देत नाही. म्हणून शिक्षिकेने प्रसूतीची अपेक्षित तारीख कळताच कॅलेंडर पुढे घेऊन रजेचा आराखडा करावा, आणि तो करताना आपल्या डॉक्टरांचा सल्ला मुख्याध्यापकांच्या सल्ल्याच्या वर ठेवावा. प्रवास दूरचा असेल, रक्तदाब किंवा रक्तक्षयाची तक्रार असेल, तर चार-सहा आठवडे आधी रजा घेण्यात कसूर करू नये. पुढील तूट बालसंगोपन रजेतून किंवा शिल्लक असलेल्या अर्धवेतनी रजेतून काही अंशी भरून काढता येते.

येथे एका प्रवृत्तीचा उल्लेख केला पाहिजे. लातूर हे शिक्षणाचे गाव. दहावी-बारावीच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या यशाने ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर गेले. त्याचाच एक परिणाम असा, की अनेक घरांत बालसंगोपन रजा मुलाच्या बारावीसाठी राखून ठेवली जाते. बारावीच्या मुलाला आई जवळ हवी, हे खरेच. परंतु सात महिन्यांचे मूल आणि सतरा वर्षांचा मुलगा यांपैकी आईवाचून कोणाचे अधिक अडते, याचा विचार थोड्या शांतपणे व्हावा. गुणपत्रिका दिसते, तिचे पेढे वाटता येतात. पहिल्या वर्षात आईच्या कुशीत मिळालेली शाश्वती मात्र कोणत्याही गुणपत्रिकेत छापली जात नाही. दोन-तीन महिने बारावीसाठी ठेवावेत, पण पहिला घास त्या तान्ह्याचा असावा.

अपराधीपण कोणाचे?

दुसरी बाजू विद्यार्थ्यांची आहे आणि ती टाळून चालणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. मराठवाड्यात अशा द्विशिक्षकी शाळा गावोगावी आहेत. त्यांतील एक शिक्षिका सहा महिने रजेवर गेली, की पहिलीपासूनचे सर्व वर्ग एकट्या सहकाऱ्याच्या गळ्यात पडतात. त्यात बैठका, अहवाल, पोषण आहाराच्या नोंदी. नुकसान होते ते शेतमजुराच्या मुलांचे, ज्यांच्या घरी शिकविणारे दुसरे कोणी नसते. गावकरी कुरकुरतात, मुख्याध्यापक सौम्य शब्दांत सुचवितात, ‘मॅडम, जरा लवकर रुजू झालात तर बरं होईल.’ प्रामाणिक शिक्षिकेच्या मनाला हे लागते. चार महिन्यांत परत येणाऱ्या, बाळाला वरच्या दुधावर टाकणाऱ्या शिक्षिका अशा अपराधी भावनेतूनच घडतात.

पण हा अपराध तिचा नाही. प्रसूती ही अचानक कोसळणारी आपत्ती नसते. तिची वार्ता व्यवस्थेला काही महिने आधी मिळालेली असते. एवढ्या अवधीत पर्यायी शिक्षक देता येत नसेल, तर दोष नियोजनाचा आहे. डी.एड., बी.एड. झालेले, पात्रता परीक्षा उत्तीर्ण असलेले तरुण-तरुणी आमच्या प्रत्येक तालुक्यात काम शोधत आहेत. निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर रिक्त जागी नेमण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला होता. त्याच धर्तीवर प्रत्येक पंचायत समितीने प्रसूती रजेच्या काळापुरती बदली शिक्षकांची यादी तयार ठेवावी. खर्च मोठा नाही, लाभ दुहेरी आहे: वर्ग ओस पडत नाही आणि आईचे मन दुभंगत नाही.

ज्यांना रजाच नाही

आतापर्यंत ज्यांचा विचार केला, त्या निदान भाग्यवान म्हणायच्या. विनाअनुदानित शाळा, इंग्रजी माध्यमाच्या शाळा, खाजगी शिकवणी वर्ग यांत शिकविणाऱ्या असंख्य तरुणींपुढे ‘किती दिवस’ हा प्रश्नच नसतो. त्यांच्यापुढे प्रश्न असतो, परत आल्यावर जागा राहील का? १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये येतात. राज्यातील इतर विद्यापीठांप्रमाणे येथेही तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या प्राध्यापिका आहेत. नेट, सेट, पीएच.डी. अशा पदव्यांची माळ गळ्यात, आणि मानधन घेतलेल्या तासांचे. तास नाही, तर पैसे नाहीत. ऐन सत्रात प्रसूती झाली, की ते वर्षच हातचे जाते.

न्यायव्यवस्थेने याबाबत दिशा दाखविली आहे. दिल्ली महानगरपालिकेतील रोजंदारी कामगार स्त्रियांनाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिला. कंत्राटाची मुदत संपली, तरी प्रसूती लाभ मध्येच तुटत नाही, असे न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. मे २०२५ मध्ये तामिळनाडूतील एका सरकारी शिक्षिकेच्या प्रकरणात तर प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजननविषयक हक्कांचा अविभाज्य भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. महाराष्ट्रात मान्यताप्राप्त खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली आहेच. तेव्हा नियम नाहीत, ही सबब टिकणारी नाही.

हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जण कोठल्या ना कोठल्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत. त्यांच्याशी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. मातृशक्तीच्या गौरवाचे कार्यक्रम आपण मनापासून करतो. त्याच संस्थेतील विनाअनुदानित तुकडीवरील शिक्षिका प्रसूतीच्या आदल्या आठवड्यात राजीनामा लिहून देत असेल, तर त्या गौरवाला अर्थ काय उरतो? संस्थेची आर्थिक ओढाताण खरी असेल, हे मान्य. पूर्ण वेतन आज जमत नसेल, तर जागा राखून ठेवण्याचे लेखी आश्वासन तरी देता येईल. ते देताना तिच्या हक्काचे वेतन बाकी आहे, याचा विसर मात्र पडू नये. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपाचा खर्च थोडा आटोपता घेतला, तर एका मातेचा तीन महिन्यांचा पगार त्यातून निघू शकतो.

घराने काय करावे?

आपल्या परंपरेने बाळंतिणीचा विचार केला नव्हता, असे कोण म्हणेल? सव्वा महिन्याची विश्रांती, शेक-शेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, पहिल्या बाळंतपणाला माहेर, ही सारी व्यवस्था मातेला कामातून मोकळे करण्यासाठीच होती. पण त्या काळी सव्वा महिन्यानंतर ती घरातच असे आणि बाळही घरातच. आता सहा महिन्यांनी तिला घराबाहेर पडायचे असते. परंपरेचा देह बदलला आहे. तिचा हेतू जपायचा, तर घरातील इतरांनी नवी कामे अंगावर घेतली पाहिजेत.

लग्न जमविताना ‘मुलगी नोकरीची हवी’ असे आपण आवर्जून सांगतो. तिच्या पगारावर घराचा हप्ता बेततो. मग तिने दोन महिने बिनपगारी रजा मागितली, की हप्त्याची आठवण तिलाच का करून द्यावी? बाळ एक वर्षाचे होईपर्यंत आजी-आजोबांनी सुनेच्या नोकरीच्या गावी जाऊन राहावे, पतीने सकाळचा स्वयंपाक आणि रात्रीचे जागरण वाटून घ्यावे, शक्य असेल त्यांनी शाळेजवळ भाड्याने खोली घेऊन रोजचा दोन-तीन तासांचा प्रवास वाचवावा. केंद्र शासनाच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची सोय आहे. केंद्रशाळेच्या गावी अशी पाळणाघरे सुरू व्हावीत म्हणून स्थानिक कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला, तर शिक्षिकेबरोबरच शेतमजूर मातेचीही सोय होईल. तिला तर रजेचा शब्दही ठाऊक नाही.

तेव्हा रजा किती दिवसांची घ्यावी? उत्तर सरळ आहे. मिळते तेवढी पूर्ण घ्यावी, प्रकृतीला गरज पडेल तेव्हा सुरू करावी, आणि संकोच न बाळगता घ्यावी. बाळ दूध पीत आहे तोवर पुढील महिन्यांत बालसंगोपन रजेचे तुकडेही वापरावेत.

हिरकणीची आख्यायिका आपण मुलांना अभिमानाने सांगतो. सायंकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्यासाठी ती माउली रायगडाचा कडा उतरून गेली. बसस्थानकांवरच्या कक्षांना आपण तिचे नाव दिले, हे योग्यच झाले. परंतु तिच्या धाडसाचे कौतुक करताना दरवाजे बंद होते, ही गोष्ट विसरता कामा नये. आजच्या शिक्षिकेवर रोज कडा उतरण्याची पाळी येऊ नये, एवढी व्यवस्था शासनाने, संस्थाचालकांनी आणि घरच्या माणसांनी मिळून उभी करावी. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक संस्थेच्या कार्यकारिणीने आपल्या रजेच्या नोंदवहीवरून एकदा नजर फिरवावी. पुष्कळशी उत्तरे तिथेच सापडतील.