तासांचा रोजमेळ



१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. आता आपल्या घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने वैमानिक होण्याची इच्छा धरली, तर नवल नाही. मात्र व्यावसायिक परवान्यास २०० तासांचे उड्डाण लागते, कप्तानपदाच्या परवान्यास १५०० तासांचे. आणि प्रत्येक तास नोंदवहीत चढवावा लागतो. पेढीवरही तिजोरीच्या किल्ल्या हाती येण्यापूर्वी रोजमेळ लिहावाच लागतो.

२०११ साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक देशात उघडकीस आले. खोट्या वहीने पेढी बुडते. येथे प्रवाशांचे प्राण पणास लागतात. शुल्क वडील भरतील. अनुभवाचे तास मात्र ज्याचे त्यानेच कमवावे. सत्य व अचौर्य ही अणुव्रते आकाशातही तितकीच बंधनकारक आहेत.