ओव्हर टू वाशिम!

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसातला सोमवार सकाळचा कॉल म्हणजे निव्वळ मासळीबाजार! नऊ जण, नऊ हेडफोन आणि नऊही जण एकाच वेळी बोलणार. ''सॉरी, सॉरी, यू गो अहेड'' या एका वाक्यावर अर्धा तास सहज निघतो. मागच्या महिन्यात अशाच एका कॉलमध्ये मी माइक ऑन केला, दोन सेकंद थांबलो आणि विचारलं, ''कोणी बोलतंय का? नाही? मग मी बोलू?'' सगळे एकदम गप्प. नंतर बॉसचा मेसेज आला, ''तब्येत बरी आहे ना रे?''

तब्येत ठणठणीत होती. मी फक्त वाशिमला जाऊन आलो होतो.

वाशिम म्हटलं की पुण्यातले मित्र हमखास विचारतात, ''वाशी का?'' नाही हो, वाशिम! विदर्भातलं. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. एके काळी वाकाटकांची राजधानी, नाव वत्सगुल्म. आता बालाजीचं देऊळ, पद्मतीर्थ आणि नजर जाईल तिथवर सोयाबीन. तिथं आमचं घर आणि आमच्या भिंतीला भिंत लागून सरांचं घर. सर म्हणजे फिजिक्सचे रिटायर्ड मास्तर. त्यांच्या गच्चीवर मधोमध एक उंच बांबू आणि त्याच्या टोकावरून दोन्ही बाजूंना उतरत गेलेली तार, प्रत्येक बाजूला दहा-दहा मीटर. लहानपणी आम्हाला वाटायचं, ही कपडे वाळत घालायची जरा जास्तच उंच दोरी असावी!

ती निघाली अँटेना. सर हॅम आहेत. म्हणजे परवाना असलेले हौशी रेडिओ ऑपरेटर. घरच्या सेटवरून, ना मोबाइल कंपनी ना इंटरनेट, थेट हवेतून जगाशी बोलणारी ही जमात. राजीव गांधीसुद्धा यातलेच, व्हीयू२आरजी हा त्यांचा कॉलसाइन. व्हीयू म्हणजे भारत. सरांनी परीक्षा दिली तेव्हा मोर्स येणाऱ्यांना व्हीयू२ मिळायचं आणि मोर्सशिवाय पास होणाऱ्यांना व्हीयू३. सर व्हीयू२ आहेत आणि ते हे सांगताना अजूनही कॉलर ताठ करतात.

तर, जूनमधली गोष्ट. मी चार दिवस घरी गेलो होतो. बाबा सकाळीच मोटरसायकलवर रिसोडला गेले होते. अंतर चाळीसेक किलोमीटर, पाचपर्यंत येतो म्हणाले होते. चार वाजता आभाळ फाटलं. वारा, विजा, गारा, सगळं एकदम. लाइट गेली आणि पाठोपाठ मोबाइलची रेंजही. सहा वाजले, साडेसहा वाजले. आई दाराशी उभी. ''फोन लागून नाही राहिला रे,'' हे ती दर पाच मिनिटांनी सांगत होती. जसं काही मला माहीतच नव्हतं.

आणि मला सर आठवले. धावतच गेलो. सेट बॅटरीवर चालतो हे मला ठाऊक होतं. बघतो तर सरांनी अँटेनाची केबल उपटून खिडकीबाहेर ठेवलेली. ''विजा चमकताना अँटेना सेटला लावून ठेवायची नाही. थांब,'' ते म्हणाले. विजा पार लांब गेल्यावर त्यांनी केबल जोडली, ७ मेगाहर्ट्झच्या आसपास चकती फिरवली आणि... गप्प बसले. नुसता खर्रखर्र आवाज, त्यात कुठले तरी दोघे जण अँटेनाच्या उंचीवर गप्पा मारत होते.

''सर, बोला ना मधे! सांगा त्यांना, बाबा सापडत नाहीयेत. कोणाला तरी रिसोडला फोन करायला लावा.''

सरांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. ''अपघात झाल्याचं कळलंय का?''

''नाही.''

''कुठं पूर आलाय, माणसं अडकलीयेत, असं काही?''

''नाही, पण...''

''मग तुझ्या बाबांना उशीर झालाय. तिसऱ्या माणसाचा निरोप माझ्या परवान्यावर पाठवता येत नाही. आपत्तीत सवलत आहे, कलेक्टरसारख्या अधिकाऱ्यानं सांगितलं की आम्ही निरोपच निरोप पाठवतो. ही आपत्ती नाही अजून.''

खरं सांगू? मला भयंकर राग आला. बाजूच्या घरातला माणूस, मला शिकवलेला माणूस, आणि नियम कसले सांगतोय! सर पुढे म्हणाले, ''मी इथून उठत नाहीये. ऐकत बसतो. रिसोडकडचं वाईट काही कानावर आलं तर त्या क्षणी ब्रेक म्हणेन आणि हे दोघंही तोंड बंद करतील. का माहितीये? कारण एरवी कोणी उगाच ब्रेक म्हणत नाही. नऊपर्यंत बाबा नाही आले तर आपण दोघं पोलिस स्टेशनला जाऊ. त्यांचा वायरलेस आहे आणि ते काम त्यांचंच आहे.''

मग त्यांनी वहीत तारीख, वेळ आणि फ्रिक्वेन्सी लिहिली. मी शेजारी बसलो. दोन तास नुसतं ऐकायचं म्हणजे काय असतं, ते तेव्हा कळलं. खर्रखर्र आवाजातून आधी शब्द सुटे होतात, मग माणसं सुटी होतात. एक जण बोलून 'ओव्हर' म्हणतो, दुसरा क्षणभर थांबतो, मग बोलतो. ते थांबणं तिसऱ्या कोणासाठी तरी असतं. त्याला मधे यायचं असेल तर जागा हवी ना! इथं बोलताना ऐकू येत नाही. बटण दाबलं की कान बंद. दोघांनी एकदम दाबलं तर दोघांचाही चिवडा होतो.

पावणेनऊला मोटरसायकलचा आवाज आला. बाबा चिंब भिजलेले. ''काहून बा, सारेच्या सारे दारात काहून उभे? नाल्याले पाणी होतं, थांबलो तिथंच. रेंज नव्हती त काय करू?'' आई काहीच बोलली नाही, टॉवेल घेऊन आली. मी गच्चीवर जाऊन पाच मिनिटं उभा राहिलो, उगाचच.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना सरांनी अंदमानची गोष्ट सांगितली. डिसेंबर २००४. दिल्लीच्या भारती प्रसाद, कॉलसाइन व्हीयू२आरबीआय, आपली टीम घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. बऱ्याच वर्षांनी अंदमानातून हॅम रेडिओ बोलत होता. जगभरचे हौशी लोक त्या एका संपर्कासाठी रांग लावून होते. २६ डिसेंबरला सकाळी भूकंप झाला, मग त्सुनामी आली. फोन बंद पडले. टीमने हौसेचे संपर्क त्याच दिवशी थांबवले आणि तोच सेट बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीपर्यंत पोचवायला लागला. ''त्या दिवशी ज्यानं त्यानं आपला उशीर झालेला बाप शोधायला घेतला असता,'' सर म्हणाले, ''तर खरोखर बुडणाऱ्याचा आवाज कोणाला ऐकू आला असता?''

माझ्याकडे उत्तर नव्हतं. राग मात्र थोडासा अजूनही आहे. असो.

तर मंडळी, या लोकांचे नियम ऐका. कॉर्पोरेट ट्रेनिंगवाले लाखो रुपये घेऊन असलंच काही शिकवतात! बोलण्याआधी ऐका. फ्रिक्वेन्सी रिकामी वाटली तरी विचारा, कोणी वापरतंय का? मग 'सीक्यू, सीक्यू' म्हणजे कोणीही या, अशी हाक द्या. आपण कोण ते कॉलसाइनने सांगा, आणि मधूनमधून सांगत राहा. निनावी काही नाही! अक्षरं अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी फोडून सांगा, म्हणजे 'बी' आणि 'डी'चा घोळ होत नाही. काम होईल तेवढीच पॉवर वापरा. धंदा नाही, जाहिरात नाही, गाणी वाजवणं नाही. गुप्त भाषा तर अजिबात नाही, जे बोलाल ते कोणालाही कळलं पाहिजे. व्हॉट्सअॅपच्या बरोबर उलट! आपत्तीतल्या आवाजाला आधी जागा. आणि निघताना '७३' म्हणा, जुन्या तारवाल्यांचा शुभेच्छांचा आकडा.

हे सगळं करायला परीक्षा असते, केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा ती घेते. पेपरात रेडिओचं तंत्र असतं आणि नियम असतात. बारा वर्षांची पोरंही पास झालीयेत, त्यामुळे इंजिनीअर असल्याचा माज बाजूला ठेवून मी अभ्यासाला लागलोय. सरांनी जुन्या नोट्स दिल्यात, समासात त्यांच्याच अक्षरातल्या शंभर सूचना. रविवारी रात्री फोनवर ते प्रश्न विचारतात. परवा मी त्यांचं वाक्य मधेच तोडलं तर म्हणाले, ''नापास.''

घरातही एक नियम मी केलाय. बाबांनी रिसोडहून निघताना फोन करायचा, रेंज असेल तिथूनच. आणि आईचा रात्रीचा फोन आला की मी लॅपटॉप बंद करतो. पहिल्या दिवशी तिला वाटलं लाइन कट झाली. ''हॅलो, आहेस का?''

आहे गं. ऐकतोय.

परवाना हातात येईपर्यंत रेडिओच्या माइकला हात लावायचा नाही, असा सरांचा हुकूम आहे. ऑफिसातल्या माइकला परवाना लागत नाही, तीच तर खरी पंचाईत आहे!

७३.